जपानमध्ये आपलं आपण फिरायचं तर: स्टेशन, सामान आणि आईंचे गुडघे

दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरमध्ये आम्ही जपानला जाऊन आलो, मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई, टूरवाल्यांबरोबर नाही, आपले आपणच, आणि परत आल्यापासून इंदूरच्या आमच्या लोकमान्यनगरमधल्या निम्म्या काकू-मावश्यांनी मला विचारून झालंय की अगं भाषा येत नाही, पाटी वाचता येत नाही, आणि आईंना घेऊन फिरलात तरी कसे? म्हटलं एकदा नीट लिहूनच काढते, म्हणजे ज्यांना घरच्या मोठ्या माणसांना घेऊन जायचंय त्यांच्या कामी येईल. काय काय बघायचं ते मी लिहिणार नाहीये, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचं कसं एवढंच लिहिते, कारण माझं आता ठाम मत झालंय की जपानमध्ये माणूस देवळं बघून दमत नाही, स्टेशनात दमतो. स्टेशन सांभाळलं की बाकी सगळं आपोआप जमतं.

निघायच्या आधीचं पटकन सांगून टाकते. इंदूरहून थेट विमान नाही, दिल्लीला जायचं आणि तिथून थेट टोकियो, साधारण आठ तास. व्हिसा इथूनच काढून जावा लागतो. तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. विमानतळावरचा इमिग्रेशन-कस्टमचा फॉर्म व्हिजिट जपान वेब नावाच्या सरकारी साइटवर घरूनच भरता येतो, क्यूआर कोड मिळतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. प्लगला दोन चपट्या पट्ट्या असतात, आपली गोल पिन बसत नाही, आणि वीज १०० व्होल्टची, मोबाइलचे चार्जर चालतात पण आईंची गुडघा शेकायची इलेक्ट्रिक पिशवी नेऊ नका. औषधांची मात्र खरंच काळजी घ्या, सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं आणि ते १० टक्क्यांच्या वर असेल तर जपानमध्ये नेता येत नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवून गोळ्या वेगळ्या करा आणि चिठ्ठी बरोबर ठेवा. मांसाचे पदार्थ, ताजी फळं, भाज्या न्यायच्या नाहीत. आमच्या बॅगेत दशम्या, लसणाची चटणी, सेव आणि जिरावन मसाल्याची पुडी होती, ते सगळं नीट पोचलं.

एक तयारी मात्र कुणी करत नाही आणि तीच सगळ्यात महत्त्वाची, चालायची. आईंचं वय ७१, उजवा गुडघा दुखरा, आणि सरकत्या जिन्याची भीती इतकी की मॉलमध्ये त्या खालीच बसून राहायच्या. महिनाभर आधीपासून आम्ही त्यांना रोज संध्याकाळी मेघदूत गार्डनला न्यायला लागलो, आधी एक चक्कर, मग दोन, मग तीन. आणि आपल्याकडे ३१ मे २०२५ पासून मेट्रोचा जो छोटा टप्पा सुरू झालाय ना, तिथे दोन रविवार त्यांना घेऊन गेलो, गेटमधून कसं जायचं, सरकत्या जिन्यावर पाय कधी टाकायचा, दार उघडल्यावर आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यायचं, हे सगळं घरच्या गावात शिकून झालं. परक्या देशात मागे दोनशे माणसं उभी असताना शिकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता कार्ड. जपानमध्ये रोजच्या ट्रेन, मेट्रो, बससाठी एक टॅप करायचं कार्ड असतं, टोकियोत सुइका किंवा पास्मो, ओसाका-क्योटोकडे इकोका, नावं वेगळी पण कुठलंही एक घेतलं की जवळजवळ सगळ्या मोठ्या शहरांत चालतं, त्यामुळे कुठलं चांगलं यावर वेळ घालवू नका, विमानतळावर जे मिळेल ते घ्या. मध्यंतरी चिपच्या तुटवड्यामुळे टोकियोतली साधी कार्डं विकणं बंद होतं, १ मार्च २०२५ पासून परत सुरू झालं. साध्या कार्डाला ५०० येन डिपॉझिट, टूरिस्टांसाठी वेलकम सुइका असतं त्याला डिपॉझिट नाही पण ते २८ दिवसच चालतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. आयफोन असेल तर फोनच्या वॉलेटमध्येच सुइका तयार करता येतं, आपल्याकडे घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर मात्र ते होत नाही.

एका माणसाला एक कार्ड, हे लक्षात ठेवा, एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत कारण आत जाताना टॅप आणि बाहेर येतानाही टॅप, मशीन मधलं अंतर मोजून पैसे कापतं. सहा वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाबरोबर फुकट, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं, पण त्यांचं कार्ड काउंटरवर पासपोर्ट दाखवून वेगळं काढावं लागतं. लेकीच्या कार्डाला गेटमध्ये पाखरासारखा चिवचिव आवाज यायचा, शेवटपर्यंत तिला त्याचं कौतुक होतं. पैसे भरायला मशीन असतात, इंग्लिशचं बटण असतं, पण बहुतेक मशीन रोखच घेतात, म्हणून खिशात हजार-हजार येनच्या नोटा ठेवायच्या. रोख पैसे सेव्हन-इलेव्हन दुकानातल्या एटीएममधून आपल्या कार्डावर निघतात. कार्डात पैसे कमी पडले तर बाहेरचं गेट बंद होतं, घाबरायचं काही नाही, गेटच्या आतच फेअर अॅडजस्टमेंट लिहिलेलं मशीन असतं, तिथे भरून बाहेर पडायचं.

कार्डाबद्दलची एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. हे कार्ड टोकियोच्या भागात चालतं आणि क्योटोच्या भागातही चालतं, पण टोकियोत टॅप करून आत जायचं आणि क्योटोत टॅप करून बाहेर पडायचं असं चालत नाही. लांबच्या प्रवासाचं तिकीट वेगळं.

आता मुख्य गोष्टीकडे येते, एक्झिट. पहिल्या संध्याकाळी आम्ही टोकियोतल्या शिंजुकूला उतरलो. जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन म्हणून गिनीजमध्ये नाव असलेलं, दोनशेच्या वर बाहेर पडायची दारं. हॉटेल नकाशावर स्टेशनपासून सहा मिनिटं दिसत होतं म्हणून आम्ही समोर जे दार दिसलं तिथून बाहेर पडलो, आणि ते होतं पूर्वेचं, हॉटेल पश्चिमेला. मध्ये रेल्वेचे रूळच रूळ, वळसा घालून दोन बॅगा ओढत आणि जिने चढत-उतरत आम्ही पंचवीस-तीस मिनिटं चाललो, विमानातून उतरलेल्या आईंना घेऊन. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, गरम पाण्याची बाटली गुडघ्याला लावून झोपल्या. मला इतकं वाईट वाटलं की दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक नियम केला तो शेवटच्या दिवसापर्यंत पाळला, ट्रेनमध्ये बसायच्या आधी उतरायच्या स्टेशनचं दार ठरलेलं पाहिजे, आणि ते दार लिफ्टचं आहे का तेही बघितलेलं पाहिजे.

हे कसं करायचं सांगते. गूगल मॅपमध्ये रस्ता टाकला की कुठली लाइन, कुठला प्लॅटफॉर्म, किती येन आणि शेवटी कुठल्या नंबरच्या एक्झिटने बाहेर पडायचं हे येतं, बऱ्याच मार्गांवर कुठल्या डब्यात बसलं तर बदली जवळ पडेल तेही येतं. तो एक्झिट नंबर किंवा नाव चक्क मोठ्याने वाचायचं आणि सगळ्यांनी पाठ करायचं. स्टेशनात बाहेर जायच्या पाट्या पिवळ्या असतात, उतरल्यावर इकडे तिकडे बघायचं नाही, पिवळी पाटी शोधायची, आपला नंबर शोधायचा आणि बाण सांगेल तिकडे जायचं. गर्दी कुठे चाललीय ते बघून अजिबात जाऊ नका, त्यांना वेगळीकडे जायचंय. टोकियोतल्या काही ठिकाणांची दारं सांगते म्हणजे कल्पना येईल, आसाकुसाच्या मोठ्या लाल कंदिलाच्या दरवाज्याला जायचं तर मेट्रोच्या गिंझा लाइनने जाऊन एक्झिट १, उएनोची बाग आणि प्राणीसंग्रहालय म्हणजे जेआरचं, म्हणजे जपान रेल्वेचं, पार्क एक्झिट, शिबुयातला हाचिको कुत्र्याचा पुतळा म्हणजे हाचिको एक्झिट.

लिफ्टसाठी त्याच मॅपच्या ऑप्शनमध्ये व्हीलचेअरने जाता येईल असा मार्ग निवडायची सोय आहे, तुमच्याकडे व्हीलचेअर नसली तरी ते चालू ठेवा. कधी कधी पाच-सात मिनिटं जास्त लागतात पण जिने टळतात. लिफ्ट बहुतेक वेळा प्लॅटफॉर्मच्या एकाच ठिकाणी असते आणि प्लॅटफॉर्म लांबच लांब, म्हणून उतरल्यावर लगेच खांबावरचा स्टेशनचा नकाशा बघायचा. काही सापडलं नाही तर गेटपाशी काचेच्या खोलीत स्टेशनचा माणूस असतो, त्याला फक्त एलिव्हेटर म्हणायचं, तो शब्द जपानीतही जवळजवळ तसाच आहे, लगेच कळतं. व्हीलचेअर असेल तर ते लोक ट्रेनच्या दाराशी उतरती फळी लावून देतात आणि पुढच्या स्टेशनलाही कळवतात.

नावं वाचायची भीती सगळ्यांना असते पण पाट्यांवर इंग्लिश असतंच, आणि मेट्रोत त्याहून सोपी गोष्ट म्हणजे प्रत्येक स्टेशनला लाइनचं एक अक्षर आणि एक नंबर असतो. गिंझा लाइन नारिंगी, अक्षर जी, शिबुया जी ०१ आणि आसाकुसा जी १९. आईंना इंग्लिश फारसं येत नाही पण आकडे येतात, त्या बरोबर मोजायच्या, अजून चार राहिली गं. आकडे वाढतायत का कमी होतायत ते बघितलं की उलट्या दिशेच्या गाडीत बसलोय का तेही कळतं.

ओसाकाला जाणाऱ्यांनी हे नक्की वाचा. जेआरचं ओसाका स्टेशन, खासगी रेल्वेचं ओसाका-उमेदा आणि मेट्रोची उमेदा, हिगाशी-उमेदा, निशी-उमेदा ही सगळी एकमेकांना लागून आहेत, नावं बदलतात पण जागा साधारण तीच. आणि शिन-ओसाका, जिथे बुलेट ट्रेन येते, ते मात्र वेगळं, तिथून ओसाकाला परत ट्रेन घ्यावी लागते. हॉटेल बुक करताना स्टेशनजवळ असं लिहिलेलं असेल तर कुठलं स्टेशन ते बघा. माझं सांगणं असं की हॉटेलची खोली लहान चालेल, नाश्ता नसला तरी चालेल, पण लिफ्ट असलेल्या एक्झिटपासून पाच मिनिटांत पाहिजे. मोठी माणसं बरोबर असतील तर पैसे तिथे घाला.

गाड्यांचे प्रकार एकदा समजून घ्या. एकाच प्लॅटफॉर्मवर लोकल, रॅपिड, एक्स्प्रेस, लिमिटेड एक्स्प्रेस अशा सगळ्या येतात, आणि जलद गाडी तुमचं छोटं स्टेशन सोडून पुढे निघून जाते. जेआरच्या लिमिटेड एक्स्प्रेसला कार्डाच्या भाड्यावर वेगळे पैसे लागतात, ओसाका-क्योटोकडच्या काही खासगी रेल्वेंच्या लिमिटेड एक्स्प्रेसला मात्र लागत नाहीत. शंका असेल तर लोकलमध्ये बसा, थोडी सावकाश जाते पण सगळीकडे थांबते. टोकियोत यामानोते लाइन म्हणजे हिरवी गाडी, ती शहराला गोल चक्कर मारते, ३० स्टेशनं, एक फेरी साधारण तासाभराची, चुकून उलटी बसलात तरी फिरून येते, म्हणून पहिल्या दिवशी सवय करायला ही उत्तम. मेट्रोचे टूरिस्टांसाठी २४, ४८ आणि ७२ तासांचे पासही आहेत, पहिल्यांदा वापरल्यापासून तास मोजतात, म्हणजे दुपारी चालू केला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतो, पण ही हिरवी गाडी जेआरची असल्याने त्या पासात येत नाही.

सकाळी साडेसात ते साडेनऊ मोठ्यांना घेऊन ट्रेनमध्ये जाऊ नका. आपण बाहेर पडायचंच साडेनऊनंतर, आधी निवांत पोटभर नाश्ता करून. रात्री बाराच्या आसपास गाड्या बंद होतात आणि पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात, आपल्या सराफ्यासारखं रात्री एक वाजता खाऊन-पिऊन घरी जायचं तिथे ट्रेनने जमत नाही. ट्रेनमध्ये फोनवर बोलत नाहीत, आपापसातही हळू बोलतात, पाठीवरची सॅक पुढे घेतात, हे आपणही पाळायचं, आणि व्हिडिओ कॉल करून इंदूरला गाडी आतून दाखवायची हौस हॉटेलवर येऊन भागवायची. सरकत्या जिन्यावर टोकियोत डाव्या बाजूला उभं राहायचं, ओसाकात उजव्या. कचऱ्याचे डबे रस्त्यावर जवळजवळ नसतातच, लोक कचरा घरी नेतात, आम्ही ओल्या-सुक्याच्या सवयीने दोन पिशव्या जवळ ठेवायचो आणि रात्री हॉटेलवर रिकाम्या करायचो, इंदूरच्या माणसाला हे सांगायला लागत नाही.

सामानाबद्दल आता. मोठी बॅग घेऊन जपानच्या ट्रेनमध्ये फिरायचं नाही, एवढं एक वाक्य पाठ केलं तरी पुरे. तिथे ताक्यूबिन म्हणून सोय आहे, काळ्या मांजरीचं चित्र असलेली कंपनी सगळ्यात जास्त दिसते, आज सकाळी हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या शहरातल्या हॉटेलचा पत्ता आणि तारीख सांगायची, टोकियोहून दिलेली बॅग दुसऱ्या दिवशी क्योटोच्या हॉटेलवर हजर. एका मोठ्या बॅगेला साधारण दोन ते तीन हजार येन. मला आधी महाग वाटलं, पण चार माणसांचे हात मोकळे आणि एक हात आईंना धरायला मोकळा, याची किंमत त्या दिवशी कळली. एका रात्रीचे कपडे, औषधं, पासपोर्ट आणि चार्जर एका छोट्या पिशवीत आपल्याबरोबर ठेवायचे, आणि पुढच्या हॉटेलला बॅगा येणारेत असं आधी कळवून ठेवायचं.

विमानतळावरून पहिल्यांदा शहरात जायचं तर ट्रेनपेक्षा लिमोझिन बस मला आवडली असती, शिंजुकूचा तो अनुभव आला नसता. नाव लिमोझिन आहे पण साधी मोठी बसच असते, बॅग खाली माणूस ठेवतो, पावती देतो, बऱ्याच मोठ्या हॉटेलांच्या दाराशी सोडते. हानेदा विमानतळ शहराच्या जवळ, नारिता साठेक किलोमीटर लांब, तिकीट काढताना शक्य असेल तर हानेदा बघा.

टोकियो ते क्योटो शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली टोकियो आणि ओसाकाच्या मध्ये, आता ताशी २८५ किलोमीटरने जाते आणि क्योटोला सव्वादोन तासांत पोचवते. तीन प्रकारच्या गाड्या, नोझोमी सगळ्यात जलद, मग हिकारी, मग प्रत्येक स्टेशनला थांबणारी कोदामा. सगळे विचारतात जेआर पास, म्हणजे टूरिस्टांसाठीचा ठरावीक दिवसांचा रेल्वे पास, घेऊ का. तर ७ दिवसांचा साधा पास आधी २९,६५० येनला होता, १ ऑक्टोबर २०२३ पासून तो ५०,००० झाला. टोकियो-क्योटो एका बाजूचं तिकीट साधारण १४,०००, म्हणजे जाऊन-येऊन २८,०००, आणि पास असूनही नोझोमीत बसायचं तर वरून पैसे लागतात. आमच्यासारखं टोकियो, क्योटो आणि परत एवढंच करायचं असेल तर पास घेऊ नका, सुटी तिकिटं काढा. हिरोशिमा वगैरे लांब लांब आठवड्यात फिरणार असाल तरच कागद-पेन घेऊन हिशोब करा.

तिकीट स्टेशनच्या मशीनवर महिनाभर आधीपासून मिळतं, बुलेट ट्रेनच्या स्मार्ट ईएक्स अॅपवर त्याहूनही आधी. खुर्च्या एका ओळीत ए बी सी आणि डी ई अशा, टोकियोहून क्योटोला जाताना फुजी पर्वत ई च्या खिडकीतून दिसतो, साधारण ४०-४५ मिनिटांनी, म्हणून चौघं असाल तर पुढच्या-मागच्या ओळीत डी-ई, डी-ई घ्या आणि पुढची खुर्ची फिरवून समोरासमोर बसा, ती फिरते. आमच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं, आईंनी हात जोडले. बॅग लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर असेल तर तिकीट काढतानाच मोठ्या सामानाची जागा असलेली सीट घ्यावी लागते, वेगळे पैसे नाहीत, पण न सांगता नेली तर १,००० येन भरावे लागतात. घरीच टेप घेऊन मोजा, चाकं आणि हँडल धरून.

प्लॅटफॉर्मवर डब्याचा नंबर लिहिलेला असतो आणि गाडी अगदी तिथेच थांबते. अवंतिका एक्स्प्रेस आली की आपला डबा कुठे येणार म्हणून आपण सामान घेऊन धावतो ना, तसं इथे नाही, आधीच जाऊन रांगेत शांत उभं राहायचं. पण मधल्या स्टेशनांवर गाडी एक-दोन मिनिटंच थांबते, म्हणून क्योटो यायच्या पाच मिनिटं आधी आईंना उठवून दाराजवळ न्यायचं. आत खाल्लेलं चालतं, आमच्या दशम्या इथेच संपल्या. शहरातल्या लोकल गाड्यांमध्ये मात्र कुणी खात नाही.

क्योटो स्टेशनला दोन बाजू, बसस्टँड आणि टॉवर असलेली कारासुमा बाजू उत्तरेला, आणि बुलेट ट्रेनकडची हाचिजो बाजू दक्षिणेला, हॉटेल कुठल्या बाजूला ते आधी बघा. क्योटोत सगळे बसने फिरा म्हणतात आणि बस खच्चून भरलेल्या असतात, तासतास उभं राहायला लागतं, मोठ्या माणसांना ते जमत नाही. मी तर म्हणेन जिथे ट्रेन जाते तिथे ट्रेननेच जा. हजारो लाल कमानींचं फुशिमी इनारी क्योटो स्टेशनपासून जेआर नारा लाइनने दुसरं स्टेशन, पाच मिनिटं, बाहेर पडलं की समोरच देऊळ. बांबूचं बन असलेलं अराशियामा जेआरने पाव तास, स्टेशनचं नाव सागा-अराशियामा. बसने जायलाच लागलं तर शहरातल्या साध्या बसला मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरताना पैसे द्यायचे, मोठ्यांना २३० येन, कार्डही चालतं.

आणि टॅक्सी घ्यायला लाजू नका. टोकियोत मीटर ५०० येनपासून सुरू होतं, आम्ही तीन मोठे आणि एक लहान, मेट्रोचं कमीत कमी भाडं माणशी १८० धरलं तरी ६००च्या वर जातं, म्हणजे दोन-तीन किलोमीटरसाठी फरक थोडाच. संध्याकाळी आई दमल्या की आम्ही सरळ टॅक्सी करायचो. मागचं डावं दार ड्रायव्हर आतून उघडतो आणि बंदही करतो, आपण हात लावायचा नाही. टीप देत नाहीत. रात्री दहानंतर पहाटे पाचपर्यंत भाडं २० टक्के जास्त. तिथे आपल्यासारखं अमक्या गल्लीत तमक्याच्या समोर असं सांगता येत नाही, बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात, म्हणून हॉटेलचं जपानीतलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात ठेवा, आईंच्या पर्समध्येसुद्धा. रस्ता चुकलात तर कोपऱ्या-कोपऱ्यावर छोटी पोलीस चौकी असते, कोबान म्हणतात, तिथे नकाशावर दाखवून देतात. पोलीस ११०, अॅम्ब्युलन्स ११९. पासपोर्ट कायम जवळ बाळगायचा, तिथला कायदाच आहे तसा.

आता हे सगळ्या घरांनी करा अशी माझी विनंती आहे. इंदूरला जेवणाच्या टेबलावर आम्ही ठरवलं होतं की ट्रेनचं दार बंद होऊन कुणी सुटलं, तर जे गाडीत चढलेत त्यांनी पुढच्याच स्टेशनवर उतरायचं आणि प्लॅटफॉर्मवर तिथेच थांबायचं, हलायचं नाही, आणि जे मागे राहिलेत त्यांनी पाठोपाठच्या गाडीने यायचं. लेकीकडून तीन-चारदा म्हणवून घेतलं होतं. उएनोला तसंच झालं, नवरा आणि लेक चढले, आई आणि मी खाली, दार बंद. माझ्या पोटात गोळा आला पण आईच म्हणाल्या, "अगं ठरलंय ना आपलं, येऊ दे पुढची गाडी." चार मिनिटांत आम्ही पुढच्या ओकाचिमाची स्टेशनला उतरलो, दोघं डब्याच्या खुणेपाशी उभे होते. एकाच फोनमध्ये इंटरनेट ठेवू नका, दोघा मोठ्यांच्या फोनमध्ये तरी ई-सिम पाहिजेच.

खाण्याचं थोडक्यात, शाकाहारी असाल तर भाजी दिसते त्यातही माशाचं पाणी असतं, दाशी म्हणतात, सूपमध्ये, सॉसमध्ये सगळीकडे. इंडियन रेस्टॉरंट मोठ्या शहरात मिळतात, ती फिरायच्या रस्त्यात कुठे येतात ते सकाळीच नकाशावर खूण करून ठेवा, भूक लागल्यावर शोधायला लागलात तर मोठ्या माणसांची आणि मुलांची चिडचिड होते. दुकानातल्या साध्या भातावर चटणी आणि जिरावन टाकून आमचे दोन दिवस छान निघाले. स्टेशनमधली टॉयलेट फुकट आणि स्वच्छ असतात, गेटच्या आतच असतात, बाहेर पडायच्या आधी जाऊन घ्यायची सवय लावा.

परतीच्या दिवशी मोठ्या बॅगा विमानतळावर पाठवायच्या असतील तर एक-दोन दिवस आधी हॉटेलवर द्याव्या लागतात, त्याच दिवशी दिलेली पोचत नाही. पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्री विमानतळाजवळच राहा, कारण पहिली ट्रेनच पाचला. आणि कार्डात उरलेले पैसे विमानतळावरच्या दुकानात संपवता येतात, आधी कार्डातले सगळे कापून घ्या म्हणायचं आणि वरचे सुटे द्यायचे, आईंनी त्यांच्या कार्डातल्या ३४० येनमध्ये मैत्रिणींसाठी ग्रीन टीचं पाकीट घेतलं, वर थोडी नाणी घातली, त्यातलं एक भोक असलेलं पाच येनचं नाणं मात्र नातीसाठी पर्समध्ये ठेवून दिलं.